मोटारीचं रडणं

बबनरावांच्या तेराव्याला आणलेली मोठी पातेली अजून ज्यांची त्यांच्याकडे परत गेली नव्हती, तेव्हाच मोटार रडू लागली.

कौशल्याबाई पुढच्या खोलीत, दाराच्या आतल्या अंगाला भिंतीशी बसल्या होत्या. नवरा गेल्यावर सव्वा महिना बाईने उंबरठा ओलांडायचा नाही, म्हणून दिवसभर तीच त्यांची जागा. तिथून सिंदीचा स्टेशनाकडे जाणारा रस्ता दिसे, सरकी काढायच्या जिनाकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलबंड्या दिसत, आणि येणाराजाणारा आत डोकावून बाई रडते की नाही ते पाहून जाई.

बाई रडत नव्हती. बबनराव जेवून उठले, हात धुतले, पाठ टेकतो म्हणाले आणि टेकले ते टेकलेच. लोकांनी टाहो फोडला, सुनेला दोघींनी धरलं, कौशल्याबाईंनी मात्र ताट उचलून मोरीत ठेवलं. तेव्हापासून मुंग्या येऊन पाय बधिर व्हावा तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याला काढल्यासारखा. लोक बोलत ते ऐकू येई, पण आत कुठे लागत नसे.

आवाज मात्र लागला. रेल्वे फाटकाकडून मुलगा मोटार घेऊन येत होता, आणि तिच्या मागच्या अंगातून बारीक, लांबच लांब सूर निघत होता. तोंडात पदराचा बोळा कोंबून बाई रडते तसा.

शेजारच्या शोभाबाई पिठलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी कान टवकारले.

"कौशल्याबाई, तुमच्या डोयात तं टिपूस नाई आलं बापा. तुमच्या वाटचं मोटारच रडून राह्यली वाटते."

"तिले तेल पाजलं हाय कालच," कौशल्याबाई म्हणाल्या. "मले कोणी काय पाजलं?"

शोभाबाईंनी पिठलं ठेवलं आणि त्या गेल्या.

मोटार जुनी होती, अमेरिकेची, वरून कापडी टप असलेली. लढाई संपल्यावर एक साहेब मुलूख सोडून निघाला, त्याच्याकडून बबनरावांनी घेतली. सिंदी ते समुद्रपूर ते भाड्याने माणसं नेत. लग्नाची वऱ्हाडं नेत, कापसाचे व्यापारी नेत, आणि अडलेली बाळंतीण असली तर भाड्याचं नावही काढत नसत. यंदा त्या रस्त्याला सरकारी बस लागली. तरी बबनरावांनी मोटारीचा मागचा गोळा सगळा खोलून काढला होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो. त्याच्या आत एक मोठं दातेरी चाक आणि एक छोटं दातेरी चाक एकमेकांना भिडून फिरतात, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देतात. शहरातले लोक त्याला डिफरन्शियल म्हणतात. कौशल्याबाई गोळाच म्हणत. बेअरिंगं झिजली होती, ती नवी आणली, आणि काम अर्धं झालं तिथेच बबनराव गेले. उरलेलं काम तानबाने केलं. तानबा म्हणजे त्यांचा जुना मिस्त्री, त्यांच्याच वयाचा, तोंडाने मोठा आणि कानाने अधू. तरणेपणी जिनात काम केल्याने जाड आवाज त्याला ऐकू येत, बारीक येत नसत.

मुलगा नरहर वर्ध्याच्या कचेरीत कारकून होता, तिकडेच भाड्याने राहत होता. त्याने आल्याबरोबर ठरवून टाकलं की मोटार ओमप्रकाशला द्यायची. ओमप्रकाश कापसाच्या गाठी-सरकीचा व्यापारी. त्याच्या गिऱ्हाइकांना स्टेशनावरून आणायला त्याला मोटार हवीच होती. त्याची अट एकच, की मोटार बबनरावजींच्या हातची जशी चालायची तशी चालली पाहिजे.

"माय, ठेवून काय करू?" नरहर म्हणाला. "मले तिकडं नोकरी. चालवणार कोण? उभ्या उभ्या गंजून जाईन."

कौशल्याबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना खायची इच्छा उरली नव्हती, ल्यायचा प्रश्नच नव्हता, कोण आलं कोण गेलं याचं काही नव्हतं. सगळ्या अंगात एकच जागा जिवंत होती: मोटार जाऊ नये. ती समोरच्या टिनाच्या शेडखाली उभी राहावी आणि दारातून दिसावी. बास. का, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

आणि आता मोटार रडत होती.

शेडपुढे नरहर आणि तानबा तिच्याभोवती फिरू लागले. बोलणं सगळं दारातून ऐकू येत होतं.

"मले तं काई ऐकू येत नाई," तानबा म्हणाला.

"तुले ढोल तरी ऐकू येते का तानबाभाऊ? अख्ख्या बाजारानं ऐकलं."

"टायरचा असन."

"टायर जुनेच हायत. आंदी रडत नोते."

"मंग टपात हवा शिरत असन. कापड फाटलं हाय वरतून."

"हवा काय फाटकापासूनच शिरते? बजारात उभी केली तं बंद, अन् चढावर लागली की सुरू."

"मंग नवं तेल हाय, नवे बेरिंग हायत. नवी सून बी पह्यले चार दिवस रडते. रमन अन् बंद होईन."

नरहर कपाळ चोळत दाराशी आला. "माय, तू त्या मोटारीत इतके वर्षं मागं बसली. हा आवाज तू कधी ऐकला होता का?"

कौशल्याबाईंनी ऐकला होता. नीट ऐकला होता.

मोटार नवी नवी घरी आली तेव्हा हाच सूर निघत होता. बबनराव म्हणाले, पुढे बसणाऱ्याला इंजिनाच्या कल्ल्यात काही कळत नाही, गोळा मागच्या सीटखाली असतो, खरं ऐकू येतं ते मागे बसणाऱ्याला. म्हणून त्यांनी बायकोला मागे बसवलं, आणि समुद्रपूरच्या रस्त्याला लागले. सांगून ठेवलं, रडं सुरू झालं की वाजव, थांबलं की थांब. वाऱ्यात बोलणं ऐकू जायचं नाही, म्हणून कौशल्याबाई पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर मनगट आपटून बांगड्या वाजवत. बबनराव पायाने जोर देत तेव्हा खण खण खण. पाय काढत तेव्हा गप्प. रस्त्याने जाणारे लोक समजले की बबनरावाला बायको भर रस्त्यात झोडपून राहिली आहे. मग शेडमध्ये गोळा खोलला. बबनरावांनी मारुतीला लावायचा शेंदूर मागितला, तो तेलात कालवला आणि मोठ्या चाकाच्या दातांना फासला. छोटं चाक हाताने फिरवलं की जिथे दात दातावर घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि लोखंड उघडं पडतं. ते उघडं लोखंड दाताच्या मधोमध आलं पाहिजे. शेंड्यावर आलं तर छोटं चाक दूर राहिलं, बुडाशी आलं तर जास्तच आत घुसलं. छोट्या चाकामागे बांगडीसारख्या गोल, पातळ चकत्या असतात, त्या वाढवून नाहीतर काढून त्याची जागा बदलायची. कौशल्याबाई तूर निवडता निवडता सगळं पाहत होत्या. आपल्याला काही कळत नाही असं दाखवायचं आणि सगळं समजून घ्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

"नाई ऐकला बापा," त्या नरहरला म्हणाल्या. "मले काय समजते मोटारीतलं?"

जोवर मोटार रडते तोवर ओमप्रकाश घेत नाही. आणि ओमप्रकाश घेत नाही तोवर मोटार दारासमोर उभी राहते. कौशल्याबाईंनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

दोन दिवसांनी सून शरयू मोरीवर कपडे धूत होती. नरहर आणि तानबा शेडमध्ये खाली बसून काहीतरी करत होते. तानबाजवळ टोपलं होतं. कौशल्याबाईंनी आतूनच आवाज दिला.

"टोपल्यात काय हाय रे?"

"काई नाई बाई."

"काई नाई तं दोघं जण अंडं उबवल्यासारखे काऊन बसले त्याच्यावर? इकडं आण."

तानबा टोपलं घेऊन दारापर्यंत आला. त्यात आरागिरणीवरचा बारीक भुसा होता, सागाचा.

"हा भुसा जाड तेलात कालवून गोयात टाकायचा," तो खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा. "दातांमंधी बसते. आवाज पाऽर बंद. नागपूरचे दलाल असंच करते."

"अन् किती दिवस बंद राह्यते?"

"महिनाभर. जास्तच राह्यला तं आपलं नशीब."

"अन् मंग दात? ते झिजतीन त्याचं?"

तानबा टोपल्यातला भुसा बोटाने चाळू लागला. नरहर मागे येऊन उभा होता, खाली मान घालून.

"नरहर, तुह्या बापानं कोणाले खोटं माप देल्लं होतं का आजवर?"

"माय, जुनी मोटार हाय. सगळेच असं..."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग एकाचं." त्यांनी मोरीकडे मान वळवली. "शरयू, हे टोपलं घे. उद्या पाणी तापवायले होईन. बंब चांगला पेटन त्याच्यानं."

शरयूने टोपलं नेलं. कौशल्याबाईंना वाटलं, आता बरं झालं. चोरीही नाही झाली आणि मोटारही राहिली. असं काही वाटणं हीच पंधरा-वीस दिवसांतली पहिली गोष्ट होती. पण ते वाटणंही आलं आणि गेलं, पाटावर पाणी टिकत नाही तसं.

ओमप्रकाश शनिवारी आला. धोतर, काळी टोपी, पायात करकर वाजणारे जोडे. दाराशी येऊन त्याने आधी हात जोडले, बबनरावजी कसे देवमाणूस होते ते सांगितलं, मग मोटारीत बसून नरहरबरोबर चक्कर मारून आला. परत येताना सूर लांबूनच ऐकू आला. मोटार शेडखाली थांबल्यावर ओमप्रकाश पुन्हा दाराशी आला, आणि जोडे न काढता बाहेरच उभा राहिला.

"बाई, गाडी तं अच्छी हाय. पर आवाज लय हाय. मी असं करतो, येत्या शनिवारी पुन्हा येतो. आवाज गेला तं घेतो, नाई गेला तं राहू द्या, मी दुसरी पाह्यतो. नाराज नका होऊ."

"नाराज कायले होईन? तुमचा सौदा, तुमचे कान."

"आता त्याईचा बी इलाज नव्हता म्हणा," ओमप्रकाश हळू आवाजात म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. "जाण्याच्या आंदी माणसाचा हात थरथरते. नजर बी जाते. तानबा सांगत होता बजारात, गोळा सगळा बबनरावजीनंच बसवलता, त्यानं नुस्ते बोल्ट कसले. शेवटचं काम बिघडलं बिचाऱ्याईचं. होते असं."

नरहरने मान डोलावली. ओमप्रकाश गेला.

कौशल्याबाई बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. रस्त्यावरून बंड्या जात होत्या. एका बंडीवानाने मोटारीकडे पाहून दुसऱ्याला काहीतरी म्हटलं आणि दोघे हसले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती. शेवटचं काम बिघडलं. आता ही मोटार जितकी वर्षं इथे उभी राहील तितकी वर्षं हेच ऐकावं लागणार. पोळ्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. बबनराव? हो, चांगला होता, पण शेवटी शेवटी हात गेला त्याचा.

त्यांनी शरयूला तानबाच्या घरी पिटाळलं.

तानबा आला आणि पायरीवर बसला. कौशल्याबाई उंबरठ्याच्या आत, तो बाहेर.

"काऊन रे तानबा. गोळा कोण बसवला?"

तानबा कानाला हात लावून म्हणाला, "आँ?"

"ऐकू आलं तुले. बाजारात बोलायले ऐकू येते, माह्यापुढं बहिरा होते का? त्याईनं मोठं चाक बसवलं होतं. छोटं चाक शेडातल्या लाकडी पाटीवर होतं, बेरिंग पाटीवर, चकत्या पाटीवर. मी रोज पाह्यत होतो का नाई? मंग खोटं काऊन बोलला मेलेल्या माणसावर?"

तानबाने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मंग कोणाचं नाव घेऊ बाई?" तो म्हणाला. "मालकानं माह्यासमोर चकत्या मोजून, मापून, सुतळीत बांधून ठेवल्या होत्या. चार चकत्या. म्हणले, तानबा, हे चार छोट्या चाकाच्या मांगं, बाकी डब्यातल्या फाल्तू. मंग ते गेले. दहाव्याले तुमी घर धुवाले काढलं. पाटा-वरोंटा घासला, खाटा घासल्या, अन् पाटीवरचं लोखंड बी राखेनं घासलं. सुतळी सोडून फेकली. साऱ्या चकत्या चकचकीत करून एका डब्यात भरल्या. म्या आलो तं डब्यात अकरा चकत्या, सगळ्या सारख्या गोल. चार सांगतल्या होत्या, चार टाकल्या. आता कोणती जाड अन् कोणती पातळ, ते म्या काय नाकानं हुंगू?"

कौशल्याबाईंनी आपल्या नखांकडे पाहिलं.

"माह्यं नाव सांगतलं तं माह्यं पोट जाते. तुमचं नाव घेतलं तं मालकीणबाईले बजारात आणल्यासारखं होते. मालकाचं घेतलं. ते काई ऐकाले येत नाई."

तो खरं बोलत होता. दहाव्याला बायका जमल्या होत्या. विटाळ गेला पाहिजे, मेलेल्याचा हात लागलेली एकेक वस्तू धुतली पाहिजे, असं कौशल्याबाईंनीच मोठ्याने सांगितलं होतं. पाटीवरचं लोखंड तर मोरीत मागवून त्यांनी स्वतः घासलं होतं. तेलकट, काळं, बबनरावांच्या हातचा वास असलेलं. चिंच आणि राख लावून, तांब्याचे गडू घासतात तसं, नखं दुखेपर्यंत. कोणी थांबवलं नाही. त्या घरात त्यांना कोणी थांबवत नसे.

त्यांनी आत चाचपून पाहिलं. ओरडावंसं वाटतं का? नाही. रडावंसं? नाही. नुसतं एक थंड, साधं कळणं होतं, दगडावर हात ठेवल्यासारखं.

"नरहर," त्यांनी हाक मारली. "मोटार काढ. मी मांगं बसतो."

नरहर चपापला. "माय, सव्वा महिना नाई झाला. लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले आता म्हणाले दुसरं काई राह्यलं का? काढ."

भर दुपारी कौशल्याबाईंनी उंबरठा ओलांडला. शोभाबाई दळण घेऊन येत होत्या, त्या डोक्यावर टोपलं तसंच धरून थांबल्या. "अगं माय, कौशल्याबाई! कोठं चालल्या वो?"

"मोटारीचं रडं ऐकाले. तुमीच म्हणलं ना, माह्या वाटचं रडून राह्यली म्हणून. म्हटलं पाह्यावं, बरोबर रडते का."

मागच्या सीटवर त्या त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या, उजवीकडे. तानबा पुढे नरहरजवळ. मोटार समुद्रपूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, वेचणी झालेली, काटक्या उरलेली. सपाटीला सूर बारीक होता. नाल्यापलीकडे चढ लागला, नरहरने पाय दाबला आणि सीटखालून रडं वर आलं, थेट पाठीच्या मणक्यात.

कौशल्याबाईंनी मनगट उचलून पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर आपटलं.

काहीच वाजलं नाही. नुसतं हाड लोखंडाला लागलं. त्यांनी क्षणभर मनगटाकडे पाहिलं, मग मूठ वळली आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं. टक टक टक.

"काय झालं माय?" नरहर वळून म्हणाला.

"पुढं पाह्य. मी ठोकीन तवा रडून राह्यली समज. थांबलो की थांबली. आता पाय काढ."

नरहरने पाय काढला. टकटक थांबली. पुन्हा पाय दाबला, टक टक टक. चढावरून उतारावर आली, इंजिन नुसतं ओढ धरून होतं, तेव्हा हात मांडीवर. त्यांनी त्याला गियर मोकळा करायला लावलं. मोटार नुसत्या वेगाने घरंगळत गेली, टायर तेच, हवा तीच, पण सूर नाही.

"तानबा, टायर नाई, हवा नाई, अन् बेरिंग बी नाई. ते असते तं मोकळ्या गियरात बी वाजलं असतं. जोर देल्ला की रडते, जोर काढला की गप. दात दाताले बरोबर भिडत नाई. छोटं चाक दूर राह्यलं."

"आँ?"

"छोटं चाक दूर राह्यलं!" नरहर त्याच्या कानात ओरडला.

घरी आल्यावर त्यांनी देवघरातून शेंदराची पुडी आणली. एरवी पुडी तानबाच्या हातावर ठेवून मोकळ्या झाल्या असत्या. आज स्वतः वाटीत तेल घातलं, कालवला, आणि शेडमध्ये पिंपावर बसून राहिल्या. गोळा खोलला, दातांना शेंदूर फासला, तानबाने छोटं चाक फिरवलं. शेंदूर पुसला गेला तो दातांच्या शेंड्यावर, बारीक रेघ.

"शेंड्यावर हाय," नरहर म्हणाला.

"दिसते मले."

मग चकत्यांचं सुरू झालं. तानबाचं बोट मोठं, त्याला जाडीतला फरक कळत नव्हता. कौशल्याबाईंनी डबा मांडीवर घेतला. पापड लाटताना कोणता जाड कोणता पातळ हे बोटांना कळतं तसं कळत होतं. एकेक चकती दोन बोटांत धरून त्यांनी पाटीवर ओळीने लावली. आपण घासलेली, चकचकीत. जाड वेगळ्या, पातळ वेगळ्या. पहिल्यांदा जरा जास्त जाड झालं, रेघ दाताच्या बुडाशी गेली. छोटं चाक पुन्हा काढलं. तानबा शिव्या घालत होता, कोणाला ते सांगत नव्हता. एक काढली, दुसरी पातळ घातली. पुन्हा शेंदूर. पुन्हा फिरवलं.

दाताच्या मधोमध, चिंचोक्याएवढं लोखंड उघडं पडलं. एका दातावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सगळ्यांवर तिथेच.

"बास," कौशल्याबाई म्हणाल्या.

तानबा त्या दातांकडे पाहत राहिला, मग त्यांच्याकडे. "बाई, तुमाले हे कवापासून ठाव होतं?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग बोल्ल्या काऊन नाई?"

कौशल्याबाईंनी हाताचा शेंदूर मोटारीच्या चिंधीला पुसला. "तू बोलला ते पुरे नोतं का?"

नरहर आईकडे पाहत होता. त्याला कळलं असावं, कारण तो हळूच म्हणाला, "माय, नाई द्यायची असन तं नाई देऊ. मी ओमप्रकाशभाऊले सांगतो."

कौशल्याबाईंनी मोटारीकडे पाहिलं. शेडच्या टिनावर चिमण्या चालत होत्या, त्यांच्या नखांचा आवाज येत होता. ठेवता आली असती. पण चालवणारा नाही, रस्त्यावर निघणार नाही. आणि जी मोटार रस्त्यावर निघत नाही ती गप चालते हे कोणाला कळणार? लोक तानबाचंच खरं मानणार.

"शब्द देल्ला ना तू? मंग झालं," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं जाऊ दे तिले. साऱ्या सिंदीनं पाह्यली पाहिजे."

शनिवारी ओमप्रकाश आला. या वेळी त्याने जोडे काढले. चक्कर मारून आला, तर मोटार शेडपुढे थांबेपर्यंत कोणाला कळलंच नाही. उतरल्यावर त्याने बॉनेटवर थाप मारली.

"वा! हे हाय बबनरावजीचं काम. मी म्हणतच होतो, त्याईचा हात असा नाई जायचा. तानबा, तूच काईतरी गोंधळ केलता, खरं सांग."

तानबाने तोंड उघडलं. कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"व्हय शेठ," तानबा म्हणाला. "चकत्या म्याच चुकवल्या होत्या. मालकाचं काम बराबर होतं."

ओमप्रकाशने आणलेला ड्रायव्हर पुढे बसला. नरहरने किल्ली दिली. इंजिन सुरू झालं, मोटार शेडखालून निघाली, रस्त्याला लागली, बंड्यांच्या मधून वाट काढत फाटकाकडे गेली. कौशल्याबाई कान लावून उभ्या राहिल्या. इंजिनाची घरघर होती, तीही बंड्यांच्या खडखडाटात लवकरच मिसळून गेली. मग काही उरलं नाही. शेडमध्ये ऊन शिरलं होतं, आणि ते जमिनीवर पुरतं मावत होतं.

शोभाबाई पदर सावरत घाईघाईने आल्या.

"गेली का वो मोटार? मले तं आवाजच नाई आला. म्हणलं जातानी पाह्यीन."

"आवाज आला असता तं गेली नसती," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि शरयूला तेराव्याची पातेली ज्यांची त्यांना पोचवायला सांगून आत गेल्या.